क्रोध, आपला देह आणि आपला न्याय

(विष्णुपुरी, नांदेड येथील वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)





संयोजकांनी आजच्या व्याख्यानासाठी ‘क्रोध’ हा विषय दिला आहे. विषय फार जुना आहे. क्रोध वाईट आहे, तो टाळावा, एवढे सांगून खाली बसणे सोपे होते. परंतु तेवढे ऐकून कुणाचा राग शांत झाला, असे आम्ही अद्याप पाहिलेले नाही. म्हणून उपदेश बाजूस ठेवून आज आपण तीन प्रश्नांचा विचार करू. राग आला म्हणजे देहात काय घडते? मेंदूत काय घडते? आणि ज्याला रागावण्याचे खरोखरच कारण आहे, अशा माणसाने त्या रागाचे काय करावे?

यातील तिसरा प्रश्न आम्हास सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्यापैकी पुष्कळांना येणारा राग विनाकारण आलेला नसतो. आडनाव विचारून भाड्याची खोली नाकारली जाते. वसतिगृहात कुणी शिष्यवृत्तीवरून टोमणा मारतो. गावात मिरवणुकीवरून, वरातीवरून भांडण उकरून काढले जाते. अशा माणसाला ‘राग धरू नकोस बाबा’ असे सांगणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणे होय. तेव्हा आमचे आजचे सांगणे तसे नाही. ते काय आहे, हे क्रमाक्रमाने पाहू.

देहात काय घडते

आपल्या मराठी भाषेने क्रोधाचे शरीरशास्त्र फार पूर्वी ओळखले आहे. तळपायाची आग मस्तकात जाते, डोळ्यांत रक्त उतरते, अंगाचा तिळपापड होतो, माणूस दातओठ खातो, त्याचे पित्त खवळते. हे सगळे शब्दप्रयोग तपासून पाहा. यात मनाचे नावही नाही, सगळा उल्लेख देहाचा आहे. आपल्या आजी-आजोबांना शरीरशास्त्र शिकावयास मिळाले नाही, पण राग हा सबंध अंगाचा व्यापार आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

शास्त्राने हीच गोष्ट प्रयोगाने सिद्ध केली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन हे क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराच्या पोटातील अन्नाची हालचाल पाहात असत. मांजर चिडले की पोटाची हालचाल थांबते, असे त्यांना दिसून आले. पुढे १९१५ साली त्यांनी भीती, भूक, वेदना आणि क्रोध यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. ‘लढा किंवा पळा’ ही शरीराची तयारी त्यांनीच जगाला समजावून दिली.

ही तयारी कशी होते? आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. मेंदूकडून इशारा येताच त्या अॅड्रिनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. काही क्षणांत हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, श्वास जलद होतो. यकृत साठविलेली साखर रक्तात सोडते. पोटाकडील रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते, म्हणून तोंडाला कोरड पडते आणि जेवण गोड लागत नाही. जखम झाली तर रक्त लवकर थांबावे म्हणून रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. त्यामागून कॉर्टिसॉल हे दुसरे द्रव्य येते. ते सावकाश चढते, वीस ते तीस मिनिटांनी उच्चांक गाठते आणि सावकाश उतरते. भांडण पाच मिनिटांत संपले तरी अंग तासभर शांत होत नाही, याचे कारण हेच आहे.

रानात वाघ समोर आला असता ही सगळी तयारी उपकारक होती. लढल्यावर किंवा पळाल्यावर ती खर्चही होत होती. आज मात्र कार्यालयात साहेबाने पाणउतारा केला तर आपण लढतही नाही आणि पळतही नाही. आपण खुर्चीवर बसून राहतो आणि युद्धाची ती सगळी सामग्री अंगातच फिरत राहते.

मेंदूत काय घडते

मेंदूच्या आत, दोन्ही कानशिलांच्या बाजूस, बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. तो आपला पहारेकरी आहे. अपमानाचा शब्द कानावर पडला, की त्याचा अर्थ नीट लागण्यापूर्वीच हा पहारेकरी आरोळी ठोकतो. ती आरोळी हायपोथॅलॅमस या भागाकडे जाते आणि तेथून शरीराला हुकूम सुटतो.

स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ वॉल्टर हेस यांनी मांजराच्या मेंदूतील याच परिसरात बारीक तार बसवून सौम्य विद्युतप्रवाह सोडला. कोणतेही कारण नसता मांजर फुत्कारू लागले, कान मागे घेऊन नखे काढू लागले. मेंदूवरील या संशोधनासाठी त्यांना १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रयोगाचा अर्थ आपण नीट लक्षात घ्यावा. शरीरातील क्रोधाला कारणाची गरज नसते. कारण खरे आहे की खोटे, न्यायाचे आहे की अन्यायाचे, हे त्या यंत्रणेला कळत नाही.

हे कळते ते मेंदूच्या दुसऱ्या भागाला. कपाळाच्या मागे मेंदूचा जो पुढचा भाग आहे, तो विचार करतो, परिणाम तोलतो आणि जिभेला व हाताला आवर घालतो. गाडीला जसा ब्रेक, तसा मेंदूला हा भाग. अमेरिकेत फिनियास गेज नावाचा रेल्वेबांधणीचा एक मुकादम होता. १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंगाच्या स्फोटात एक लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली आणि मेंदूचा हा पुढचा भाग जखमी झाला. तो वाचला, चालूबोलू लागला. पण पूर्वीचा शांत, जबाबदार मुकादम राहिला नाही. तो चिडखोर आणि शिवराळ झाल्याचे त्याच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे.

आपल्याला पहार लागत नाही, परंतु तीव्र क्रोधाच्या वेळी या द्रव्यांचा पूर येतो आणि तेवढ्यापुरता हा पुढचा भाग दुबळा होतो. ‘माझे भानच राहिले नाही’ असे माणूस नंतर सांगतो, ते खोटे नसते. दारू हाच ब्रेक आणखी सैल करते. म्हणून दारू आणि राग जेथे एकत्र येतात तेथे डोकी फुटतात. विद्यार्थी मित्रांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मेंदूचा हा भाग पूर्ण परिपक्व होण्यास साधारण पंचविशी उजाडते. म्हणजे ज्या वयात रक्त सर्वांत गरम, त्याच वयात ब्रेक अजून कच्चा असतो. हा तरुणांचा दोष नाही, पण त्यांनी सावध राहण्याचे कारण मात्र नक्की आहे.

हृदयावरील आघात

अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन हंटर हे नामांकित शल्यविशारद होऊन गेले. त्यांना हृदयविकार होता आणि आपल्याला चिडविणाऱ्या कोणाही हलकटाच्या हाती आपला जीव आहे, असे ते म्हणत. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बैठकीत वाद झाला, त्यांचा संताप अनावर झाला आणि तेथेच ते कोसळून मरण पावले.

ही एका माणसाची गोष्ट झाली. पुढे हजारो माणसांची पाहणी झाली. २००० साली अमेरिकेत सुमारे १३,००० मध्यमवयीन स्त्री-पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांचा रक्तदाब मुळात चांगला होता, त्यांच्यातही वारंवार व तीव्रतेने रागावणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका शांत स्वभावाच्या माणसांच्या दुपटीहून अधिक आढळला. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता, संतापाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असे निघाले. २०२४ साली २८० निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. त्यांतील काहींना राग आणणारा प्रसंग केवळ आठ मिनिटे आठवावयास सांगितले. तेवढ्यानेच रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता घटली आणि ती चाळीस मिनिटांपर्यंत पूर्ववत झाली नाही.

घाबरून जाण्याचे कारण नाही. एकदा रागावल्याने निरोगी माणूस मरत नाही. परंतु जो दिवसातून चार वेळा संतापतो, त्याच्या रक्तवाहिन्यांना दिवसभर उसंत मिळत नाही. भारतातील मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, जिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे या सभेत बसलेल्या दर तीन प्रौढांमागे एकाला तो असण्याचा संभव आहे, आणि पुष्कळांना तो माहीतही नसेल. विष्णुपुरीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाने तेथे किंवा आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

राग म्हणजे धरणातील पाणी नव्हे

येथे कुणी म्हणेल की, मग राग दाबून ठेवू नये, मोकळा करावा. धरण भरले की दरवाजे उघडावे लागतात. आपल्या विष्णुपुरीच्या धरणाचे दरवाजे पावसाळ्यात उघडतात, गोदावरीला पाणी सुटते आणि धरणावरील भार कमी होतो. तसा राग ओकून टाकला म्हणजे माणूस हलका होतो, अशी समजूत सर्वत्र आहे.

ही समजूत तपासून पाहिली गेली आहे. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. आधी त्यांच्या लेखनावर अपमानास्पद शेरे मारून त्यांना चिडविले. मग काहींना शेरे मारणाऱ्याचा विचार करीत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारावयास सांगितले, तर काहींना नुसते शांत बसविले. ठोसे मारणारे अधिक चिडलेले आढळले, शांत बसलेल्यांचा राग कमी होता. २०२४ साली अशा १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्याचाही निष्कर्ष हाच, की शरीराची उत्तेजना वाढविणाऱ्या कृतींनी राग उतरत नाही. श्वासाकडे लक्ष देणे, ध्यान, शरीर सैल सोडणे अशा उत्तेजना उतरविणाऱ्या गोष्टींनी तो उतरतो.

असे का व्हावे? धरणातील पाणी सोडले की कमी होते, कारण ते साठविलेले असते. राग साठविलेला नसतो. आपण आरडाओरड करतो तेव्हा देह तो नव्याने तयार करीत असतो.

याचा अर्थ राग गिळून बसावे असाही नाही. आपल्या घरांतील माय-भगिनींनी पिढ्यान्‌पिढ्या राग गिळला आहे. बाहेरून शांत आणि आतून तीच गोष्ट रात्रंदिवस घोळवणे, हेही देहाला तितकेच महाग पडते. आताच सांगितलेल्या प्रयोगात केवळ आठवणीनेच रक्तवाहिन्या आखडल्या होत्या, हे विसरू नका. अंगुत्तर निकायात तथागतांनी तीन प्रकारच्या माणसांचे वर्णन केले आहे. एकाचा क्रोध दगडावर कोरलेल्या रेघेसारखा, दुसऱ्याचा मातीवरील रेघेसारखा आणि तिसऱ्याचा पाण्यावरील रेघेसारखा. रेघ तिघांवरही उमटते. फरक आहे तो ती किती काळ टिकते याचा. आजचे शरीरशास्त्रही हाच फरक मोजते आहे.

आणि जो राग मालकावर, सावकारावर, साहेबावर निघत नाही, तो संध्याकाळी घरी येऊन बायकोवर आणि लेकरांवर निघतो. वड्याचे तेल वांग्यावर. बाप ओरडतो तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या सहा वर्षांच्या लेकराच्या अंगातही तीच द्रव्ये उसळतात. त्या लेकराला तर पळण्यास जागाही नसते. ज्या समाजाने शिक्षणाला सर्वस्व मानले, त्याने आपल्या घरातील मुलाचा मेंदू भीतीने भरून टाकावा, हे आम्हास सर्वांत दुःखाचे वाटते.

न्याय्य रागाचे काय करावे?

आता आपण तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. माझा राग न्याय्य आहे, मग मी तो का आवरावा?

याचे उत्तर देहानेच दिले आहे. राग न्याय्य असला म्हणून अॅड्रिनॅलिन कमी स्रवत नाही. अन्याय करणारा रात्री स्वस्थ झोपतो आणि अन्याय सोसणाऱ्याच्या रक्तवाहिन्या आखडतात. म्हणजे एका अन्यायाची शिक्षा आपण दोनदा भोगतो. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात रागावलेल्या माणसाला, दुसऱ्यावर फेकण्यासाठी निखारा हाती घेणाऱ्याची उपमा दिली आहे. पहिला हात त्याचा स्वतःचा भाजतो.

मग अन्याय सोसावा काय? मुळीच नाही. महाड आठवा. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता, पण तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी घेतले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी अफवा उठविण्यात आली आणि परिषदेस आलेल्या, जेवत असलेल्या, गावाकडे परतत असलेल्या माणसांवर लाठ्याकाठ्यांचे हल्ले झाले. स्त्रिया आणि मुलेही त्यातून सुटली नाहीत. परिषदेस आलेल्यांत लष्करात नोकरी केलेले कसलेले लोक होते. ते सूड घेण्यास आतुर होते. एका शब्दाचा अवकाश होता. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांनी सर्वांना शांत राहावयास सांगितले.

त्यांना राग आला नसेल काय? ज्यांनी त्यांचे लेखन वाचले आहे, ते असे म्हणणार नाहीत. तो राग त्यांनी कामाला लावला. हल्लेखोरांविरुद्ध खटले झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळ्याचा दावा वर्षानुवर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षांना तीन दिवस कमी! इतकी वर्षे अंगात आग घेऊन कुणी टिकत नाही. इतकी वर्षे टिकतो तो निर्धार.

आपल्या मराठवाड्याचा अनुभव वेगळा नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर वस्त्या जळाल्या, आपल्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला येथे विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. आज आपली मुले-मुली तेथे शिकतात, तेव्हा ही साडेपंधरा वर्षे त्यांना ठाऊक असली पाहिजेत.

रोजच्या व्यवहारातही हेच खरे आहे. जातीवरून अपमान झाला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या पाठीशी आहे. पण तक्रारीत काय लागते? नेमका शब्द कोणता उच्चारला, किती वाजता, कोणत्या जागी, लोकांसमोर उच्चारला काय, तेव्हा कोण हजर होते. हे टिपून ठेवण्याचे काम कपाळामागच्या त्या शांत मेंदूचे आहे. संतापलेल्या मेंदूला ते जमत नाही. आणि आपला हात उठला, की समोरचा आधी ठाण्यात जाऊन उलट तक्रार देतो. मग मूळ अन्याय बाजूला राहतो आणि आपला मुलगा आरोपी म्हणून तारखा करीत फिरतो. त्याची परीक्षा जाते, नोकरीची पडताळणी अडते. न्याय्य क्रोधाचा सर्वांत मोठा फायदा अशा रीतीने अन्याय करणाऱ्यालाच होतो.

करावयाच्या काही गोष्टी

शेवटी, उद्यापासून करता येतील अशा चार गोष्टी सांगतो.

१) राग चढू लागताच श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा लांबवावा. सावकाश उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. आनापानाचा सराव रोज असेल तर ऐन वेळी तो उपयोगी पडतो. भांडण सुरू झाल्यावर शिकावयास बसून चालत नाही.

२) मनातल्या मनात म्हणावे, ‘मला राग आला आहे.’ हे साधे वाटते, पण भावनेला नाव दिल्याने अमिग्डलाची खळबळ कमी होते, असे २००७ साली मेंदूच्या छायाचित्रणाने दाखविले आहे.

३) उत्तर, संदेश किंवा अर्ज त्या क्षणी पाठवू नये. घटना, वेळ, साक्षीदार लगेच कागदावर टिपावेत; पण अर्ज झोप झाल्यावर, दोन जाणत्या माणसांना दाखवून द्यावा.

४) राग, उदासी किंवा झोप न येणे आठवड्यानुआठवडे चालू असेल, तर लाजू नये, डॉक्टरांकडे जावे. शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

बंधू-भगिनींनो, क्रोध ही देहाने दिलेली वर्दी आहे की काही तरी चुकते आहे. वर्दी ऐकावी, पण वर्दी देणाऱ्याच्या हाती घराच्या किल्ल्या देऊ नयेत. अन्याय लांब पल्ल्याचा आहे. त्याच्याशी लढणाऱ्याचे हृदय साठाव्या वर्षीही धडधाकट असले पाहिजे आणि त्याचे डोके विसाव्या वर्षीही थंड असले पाहिजे. आपण सर्वांनी दीर्घायुषी व्हावे आणि आपले राहिलेले काम पुरे करावे, एवढीच सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!